मशीनला स्प्रिंग घालू नये

मी, सरुबाई भ्रतार अंकुशराव सोनकांबळे, वय अदमासे एकसष्ट, धर्म बौद्ध, धंदा घरच्या घरी लोखंडाला भोके पाडून देणे, राहणार हुमनाबाद, जिल्हा बिदर, हायवेच्या अलीकडच्या अंगाला, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा भुलीने नव्हे, माझ्यामागे काय कोणाला जावे हे सांगून लिहवून घेत आहे. लिहिणारे अमृतप्पा, कचेरीपुढे बसून दस्तऐवज लिहिणारे. मी सांगेन तसेच लिहायचे, आपले कायद्याचे वळण मध्ये घालायचे नाही, या बोलीवर त्यांना आमच्या शेडमध्ये आणून बसवले आहे.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या अंगावरून वारे गेले. पाय ओढत का होईना चालतो, हात मात्र गेला. मांडीवर ठेवला तर मांडीवर राहतो, उचलून बाजेवर ठेवला तर बाजेवर राहतो. म्हणून खाली सही न करता डाव्या अंगठ्याचा ठसा देईन. डोके शाबूत आहे. अमृतप्पांनी परीक्षा म्हणून मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या सासूचे नाव, ती कोणाशी कशावरून भांडली तेही सांगितले. त्यावर त्यांनी पुढे परीक्षा घेतली नाही.

माझ्या नवऱ्याचे नाव अंकुशराव. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. जिवंतपणी मी त्यांना नावाने कधी हाक मारली नाही, 'अवो' म्हणत असे. इथे कायद्यासाठी नाव घ्यावे लागते आहे, त्याला इलाज नाही.

पहिले कलम घराचे. दोन खोल्या, पुढची पत्र्याची शेड, मागचा आड आणि लिंबाचे झाड, हे सारे मुलगा नागनाथ याला मिळावे. शेडमधली ड्रिल मशीन त्यात धरू नये, तिचे पुढे येईल. थोरली मुलगी भागाबाई जनवाड्याला दिली आहे. ती माहेरपणाला आली की मागच्या खोलीतली बाज तिची. ती बाज अडगळ म्हणून माळ्यावर टाकली तर घर दिल्याचा मला पस्तावा होईल, आणि मेलेल्या माणसाला पस्तावा करायला लावू नये.

पोस्टाच्या पुस्तकावर जे असेल त्यातून माझे अखेरचे कार्य करावे. उरेल ते दोघा भावंडांनी सारखे घ्यावे. भांडण्याजोगे ते नाही.

माझ्या चांदीच्या पाटल्या सून पार्वतीबाई हिला द्याव्यात. कारण लिहा, अमृतप्पा. माझा हात गेल्यापासून रोज सकाळी ती शेडमध्ये जाते, मशीनचा दांडा एकदा खाली ओढते आणि सोडते. मी सांगितले म्हणून करते. का करायचे, हे तिने एकदाही विचारले नाही. पण शेडमधून बाहेर येताना ती तोंडाला पदर लावून येते. मुलगा मानत नाही ते सुनेला कळले आहे.

आता हणमंतप्पा. गावातल्या जुन्या बाजारात यांचा कारखाना होता आणि त्या काळी आख्ख्या हुमनाबादेत भोके पाडायची मशीन त्यांच्याकडेच होती. लॉरीच्या फाळक्याच्या बिजागऱ्या, ताडपत्रीचे आकडे, बैलगाडीच्या पट्ट्या, अफजलपूरकडच्या गुऱ्हाळांचे सुटे भाग, असली कामे माझा नवरा घरी करत असे. त्यासाठी आमच्याकडे एक हातड्रिल होते, छातीने दाबून फिरवायचे. त्यांच्या छातीच्या मधोमध त्याचा वळ कायमचा पडला होता. पातळ पत्र्याला ते चाले. जाड पट्टी आली की हणमंतप्पांकडे जावे लागे. हणमंतप्पा भोक बरोबर पाडायचे, मजुरीही वाजवी घ्यायचे. पण झालेली वस्तू हातात द्यायचे नाहीत, उंबऱ्याबाहेर जमिनीवर टाकायचे. आम्ही दीक्षा घेऊन वर्षे लोटली होती, तरी टाकायचे. एकदा नवरा म्हणाला, "अप्पा, हातात द्या की. लोखंडाला इटाळ व्हतोय व्हय?" हणमंतप्पा हसून म्हणाले, "तुला घ्यायचं तर घे, न्हाई तर ऱ्हाऊ दे." त्या दिवशी घरी येऊन नवरा जेवला नाही. "सरू, घरात मशीन आणल्याबिगर मी त्या दारात जाणार न्हाई," म्हणाला, आणि गेला नाही.

हणमंतप्पा अजून आहेत, ऐंशीच्या पुढचे. ते छातीचे हातड्रिल मी तेल घालून ठेवले आहे. ते त्यांना द्यावे. हातात द्यावे, जमिनीवर टाकू नये. ते हात पुढे करेपर्यंत उभे राहावे.

आता मशीनचे कलम. अमृतप्पा, पाणी प्या आणि नवा कागद घ्या.

शेडमधली खांबाची ड्रिल मशीन, मोटार, पट्टा, ड्रिलचे पाते धरणारा चक आणि त्याच्या चावीसकट, मुलगी भागाबाई हिला मिळावी. नागनाथला नाही. ती विकू नये, भंगारात घालू नये, आणि तिला स्प्रिंग घालू नये. या तिसऱ्या गोष्टीसाठीच मी हे सगळे मृत्युपत्र लिहवते आहे. नागनाथने सोलापूरहून नवी स्प्रिंग आणली आहे. माझे डोळे मिटले की तो ती बसवणार आणि मशीन दुरुस्त करून विकणार, असे त्याने तोंडावर सांगितले आहे. ती स्प्रिंग आत्ताही त्याच्या सदऱ्याच्या खिशात आहे आणि तो दारात उभा राहून हे ऐकतो आहे. तेव्हा त्यालाच सांगते.

नागा, ही मशीन घेतली तेव्हा म्हैसूर राज्य होते आणि तू रांगतही नव्हतास. तुझ्या बापाने तीन मशीनी पाहिल्या. पहिली सोलापुरात, दुकानातली, नवी. दुकानदाराने कळ दाबून दाखवली तर पाण्यासारखी फिरली. दांडा ओढून सोडला की स्प्रिंगने खाडकन वर. किंमत ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि चहाबद्दल दुकानदाराचे आभार मानून बाहेर आलो. दुसरी हैदराबादेत, जुन्या बाजारात. हिरवागार ताजा रंग, पट्ट्यावरसुद्धा रंगाचे शिंतोडे. तुझ्या बापाने चक मुठीत धरून हलवला तर दुखऱ्या दातासारखा हलला. टेबलावर पाहिले तर चाळण. चांगला कारागीर कामाखाली लाकूड घालतो, म्हणून टेबलाला भोक पडत नाही. टेबलाची भोके म्हणजे आधीच्या मालकाचा निष्काळजीपणा. "रंग ताजा, दुखनं जुनं," म्हणाले आणि आम्ही रात्रीची गाडी धरून परत आलो.

तिसरी मशीन चिटगुप्प्याला होती. ईरण्णा म्हणून एक लिंगायत कारागीर वारले होते, त्यांची बायको चंद्रम्मा ती विकत होती. टेबल तळहातासारखे स्वच्छ, एक ओरखडा नाही. चक हलेना. तुझ्या बापाने टेबलावर रुपया उभा केला, मोटार चालू केली, रुपया उभाच. मग दांडा खाली ओढला आणि सोडला. तो खाडकन वर गेला नाही. सावकाश गेला. झोपलेल्या लेकराच्या अंगावरचे पांघरूण काढावे तसा अलगद गेला आणि वर पोचून आवाज न करता थांबला. तुझ्या बापाने चार-पाच वेळा करून पाहिले. त्यांचा चेहरा उजळला. मला म्हणाले, "बग, ह्याला म्हनत्यात मशीन. जपून वापरलेली." आम्ही ती त्या दांड्यावर भाळून घेतली. सोलापुरातल्या नव्या मशीनपेक्षा चांगली म्हणून घेतली.

चंद्रम्माने किंमत फार कमी सांगितली. वर म्हणाली, "अण्णा, ह्यात स्प्रिंग न्हाई. घालू बी नका. अन् मशीन रोज चालू ठेवा, एक दिस बी बसवून ठेवू नका." तुझा बाप व्हय व्हय म्हणाला. गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "बाईमाणसाला मशीनीतलं काय कळतंय? स्प्रिंगीबिगर दांडा वर जातोय व्हय?" त्यांचे हे बोलणे मी विसरले नाही. ते गेले म्हणून माफही केलेले नाही.

मशीन शेडमध्ये उभी केली. काम वाढले. पुढच्या उन्हाळ्यात वंगण घालायला त्यांनी मशीनच्या डोक्याच्या बाजूची डबी उघडली. आतल्या स्प्रिंगचे तुटून दोन तुकडे झाले होते आणि तुटल्या जागेवर गंज चढला होता, म्हणजे तुटून फार दिवस झाले होते. आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधीच. स्प्रिंग तुटलेल्या मशीनचा दांडा खाली लोंबतो, हे कोणीही सांगेल. त्यांनी दोन्ही तुकडे काढून हातात घेतले, डबी उघडीच ठेवली आणि मला म्हणाले, "सरू, दांडा वड अन् सोड." मी ओढला आणि सोडला. दांडा वर गेला. सावकाश, अलगद, रोजच्यासारखा. उघड्या डबीत काहीच नव्हते. ते आधी हसले. मग हसायचे थांबले आणि आडावर जाऊन पाणी प्याले.

नागा, तू म्हणतोस ग्रीस घट्ट झाले असेल. ग्रीस पडणाऱ्या वस्तूला धरून ठेवील. खालची वस्तू वर उचलील काय?

आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. भूतखेत मानत नाही. तुझ्या बापाला वाटले, आपले मन बिघडायच्या आत मशीन दुरुस्त करावी. त्यांनी सोलापूरहून नवी स्प्रिंग आणून बसवली, जशी आज तुझ्या खिशात आहे. दांडा खाडकन वर जाऊ लागला. ते म्हणाले, "मिटलं." मिटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी चुलीवर वरण ठेवून पीठ मळत होते. पातेल्यावरचे झाकण वर उठले. वाफेने झाकण थडथडते ते मला माहीत आहे. हे थडथडले नाही. सरळ वर उठले, वरणापासून चारेक बोटांवर थांबले आणि पुन्हा खाली बसले. मी कोणाला काही बोलले नाही. मग आडाची बादली दोरासकट काठावर आलेली सापडू लागली. मग एके दुपारी तू पाळण्यात झोपला होतास आणि भागा पाळणा हलवत होती. ती सहा-सात वर्षांची असेल. तिने मला हाक मारून सहज विचारले, "माय, नागाचा हात कोन धरलंय?" मी आले. तू गाढ झोपेत होतास आणि तुझा उजवा हात वर होता. उगारलेला नव्हे. मनगट सैल, बोटे लोंबत होती, कोणीतरी मनगटाला धरून वर नेल्यासारखा. मी तो खाली केला. पाठ वळताच पुन्हा वर गेला, सावकाश, अलगद. तो वेग मी ओळखला.

त्यानंतर कडीचा दिवस आला. मी दाराला आतून कडी घालून मागे कपडे धूत होते. तू तेव्हा रांगायला लागला होतास. रस्त्यावर लॉरीचा ब्रेक कचकन वाजला आणि मी धावले तर दार सताड उघडे. लॉरीचा ड्रायव्हर तुला छातीशी धरून उभा होता. "अक्का, चाकापुढं होतं की लेकरू," एवढेच तो म्हणू शकला. ते भीमण्णा. पुढे ते आमच्याच आळीत राहायला आले आणि आज इथे साक्षीला बसले आहेत. कडी माझ्या खांद्याइतक्या उंचीवर होती. रांगत्या लेकराने ती काढली, असे ज्याला मानायचे असेल त्याने मानावे.

त्याच दिवशी आम्ही चिटगुप्पा गाठले. चंद्रम्मा ज्वारी निवडत बसली होती. आमचे तोंड पाहूनच म्हणाली, "स्प्रिंग घातलात न्हवं?" मग तिने सांगितले. ईरण्णांची स्प्रिंग तुटली तेव्हा ते नवी आणायला जाणार होते. तोवर भोक पाडून झाले की दांडा हाताने वर न्यायचे. ते बरेच दिवस चालले. मग ताप आला आणि नवी स्प्रिंग आणायच्या आधीच ते गेले. "अक्का, आमच्यात मानसाला बसवून मातीत ठेवत्यात. डाव्या तळहातावर लिंग ठेवत्यात. डावा हात कामाला लागला बगा. उजवा मांडीवर रिकामाच ऱ्हायला. जलमभर कायक केलेला हात, रिकामा बसतोय व्हय? दांडा वर न्यायचं त्येचं काम हाय. ते तुमी काढून घेतलासा. मग तो दुसरं कायतरी उचलणारच की." कायक म्हणजे त्यांच्यात हाताचे काम तीच पूजा. हे सांगताना अमृतप्पांची लेखणी थांबली आहे. त्यांच्यातली रीत आहे, त्यांना माहीत आहे. लिहा, थांबू नका.

तुझ्या बापाने विचारले, "मग तुमी इकलात कामून?" ती म्हणाली, "मला मशीन चालवता येत न्हाई, अण्णा. माझ्या घरातली झाकणं उठायला लागली हुती. काम करणारं घर बघून दिली."

घरी येताच त्यांनी स्प्रिंग काढली. दांडा ओढून सोडला. तो वर गेला. त्या दिवसापासून आमच्या घरातले एकही झाकण उठले नाही. मग तुझा बाप मला म्हणाला, "सरू, हितं हात लाव." दांडा खाली होता. मी मुठीत धरला. तो वर जाऊ लागला आणि माझ्या मुठीवर आणखी एक मूठ मला जाणवली. लोखंड गार होते. वरून येणारी ऊब लोखंडाची नव्हती. कामाने तापलेल्या माणसाचा तळवा असतो तसा तो स्पर्श होता, खरखरीत. मी ओरडणार होते, पण नवऱ्याकडे पाहिले तर त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. म्हणाले, "जितेपणी कुनी हातात हात दिला न्हाई, सरू. ह्यो मेल्यावर द्यायलाय." त्यानंतर ते मशीनला कधी भ्याले नाहीत. एका दांड्यावर दोन हातांनी त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले.

खंडेनवमीला गावातल्या सगळ्या मशीनींना हार-कुंकू होई. आम्ही केले नाही. ही लिहिण्याजोगी गोष्ट आहे: मशीनची पूजा करू नये, नारळ फोडू नये, मांत्रिक आणू नये. आत्मा नाही, हे मी मानते. डबीत स्प्रिंग नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दोन्ही खरे आहे आणि दोन्ही मिळून काय होते, ते मला सांगता येत नाही. मी काम करत राहिले.

मग एका सकाळी छातीत कळ येऊन नवरा गेला. ते मशीनने केले असे कोणी म्हणू नये, तेव्हा ते मशीनपासून लांब, बाजारात होते. त्यांना आपल्या रीतीने अग्नी दिला. चंद्रम्माचे बोलणे मनात येऊन मी स्वतःला समजावले की आपल्यात काही शिल्लक राहत नाही. तेव्हा दुःखात मला तेही बरे वाटले नाही. कार्य उरकल्यावर शेड उघडून मी दांडा ओढला आणि सोडला. तो वर निघाला आणि अर्ध्यावर थांबला. मग उरलेला वर गेला.

नागा, तू बापाला काम करताना नीट पाहिले नाहीस, शाळेच्या नाहीतर पोरांच्या नादात असायचास. भागाने पाहिले आहे. दांडा अर्ध्यावर आला की ते थांबायचे, वाकून भोकावरचा लोखंडाचा कीस फुंकून टाकायचे आणि मग दांडा वर न्यायचे. हजारदा सांगितले, डोळ्यात जाईल, फडक्याने पुसा. ऐकले नाही. ईरण्णांचा हात कधी थांबत नसे. तुझा बाप गेल्यापासून तो थांबतो. फुंकर मात्र कधी आली नाही. थांबतो, आणि मी वाट पाहते, आणि मग दांडा वर जातो. म्हणून तिथे तुझा बाप आहे, असे मी शपथेवर सांगणार नाही. कदाचित ईरण्णाच असतील आणि त्यांची सवय उचलली असेल, किंवा माझ्यासाठी थांबत असतील. मला कळत नाही. इतकी वर्षे मी रोज त्या अर्ध्यावर वाट पाहिली आहे, हे मात्र लिहा.

आता माझा हात गेला. मशीन बसून आहे. पार्वती दिवसातून एकदा दांडा ओढते, तेवढे काम त्या हाताला पुरत नाही. गेल्या आठवड्यात दुधाच्या भांड्यावरचे झाकण उठलेले मी पाहिले. आणि तुझे लेकरू रांगायला लागले आहे, नागा. त्याच घरात, त्याच दारामागे, तोच रस्ता. लॉऱ्या तेव्हापेक्षा कितीतरी जास्त. मला माझ्या मरणाची भीती नाही. मला त्या कडीची भीती आहे.

भागा जनवाड्यात नांगराची, फवारणीच्या पंपाची दुरुस्तीची कामे करते. तिला रोज भोके पाडावी लागतात आणि मशीनपुढे उभे राहायचे वळण तिला बापाचे आहे. म्हणून मशीन तिला. जिथे काम तिथे तो हात जाईल, घरात राहणार नाही. भागाने कामाखाली लाकूड घालावे, टेबलाला भोक पाडू नये. काम नसेल त्या दिवशीही दांडा चार वेळा ओढून सोडावा. म्हातारपणी काम करणारे घर बघून द्यावी. पैसे वाजवी घ्यावेत, आणि घेणाऱ्याला खरे सांगावे. त्याने विश्वास ठेवला नाही तरी सांगावे.

मशीन मी मरायची वाट न पाहता आजच न्यावी, असे मी म्हणत होते. अमृतप्पा म्हणतात, मग ते मृत्युपत्र होत नाही, बक्षीसपत्र होते आणि कागद वेगळा लागतो. कायद्याला माझ्या मरणाची एवढी गरज आहे तर राहू दे. पण नागा, स्प्रिंग घातलीस तर तुझ्या लेकराचा हात कोण धरील, ते मला बघायला लावू नकोस.

शेवटचे. मला त्रिशरण-पंचशील म्हणून पोचवावे, रडारड करू नये. माझे दोन्ही हात सरळ ठेवावेत. मला मशीनवर कोणी शोधू नये. मी पुष्कळ काम केले आहे.

हे सारे वाचून घेतले. मी सांगितले तसेच आहे.

ठिकाण: हुमनाबाद. दिनांक: ११ नोव्हेंबर १९८८, दुपारी.

लिहिणाराची नोंद. वरील मजकूर मी सरुबाईंना मोठ्याने वाचून दाखवला व त्यांनी कबूल केला. अंगठ्यासाठी मी शाईची डबी उघडली. त्यांचा डावा हात धरायला भीमण्णा पुढे सरकले. त्याआधीच बाईंचा उजवा हात, जो आम्ही बसल्यापासून मांडीवर पडून होता, वर येऊ लागला. कोणीही त्याला हात लावलेला नव्हता. मनगट सैल होते व बोटे खाली लोंबत होती. हात सावकाश वर येत अर्ध्यावर थांबला.

त्या वेळी फुंकर आली. ती माझ्या पुढ्यातल्या कागदावरून गेली, कोपरा उचलला गेला, आणि पलीकडे पार्वतीबाईंच्या कडेवरच्या मुलाने तोंडावर फुंकल्यासारखे डोळे मिटले. शेडमध्ये पंखा नव्हता. मी फुंकलेले नाही, भीमण्णांनी नाही, पार्वतीबाईंनी नाही आणि दारातल्या नागनाथ यांनीही नाही. बाई 'अवो' एवढेच म्हणाल्या.

मग हात पुढे आला. मी लेखणी बोटांत दिली. त्यांनी आपले नाव पूर्ण लिहिले व हात आपल्या जागी गेला. अंगठा घेण्याची गरज राहिली नाही. नागनाथ यांनी आत येऊन खिशातली स्प्रिंग काढली आणि कागदावर ठेवली. मी ती मृत्युपत्रासोबत दोऱ्याने बांधली आहे. मशीन उद्या सकाळच्या गाडीने जनवाड्याला न्यायची, असे त्यांनी आपणहून सांगितले. त्याला कागद लागेल, असे मी त्यांना म्हटले नाही.

सही: सरुबाई भ्र. अंकुशराव सोनकांबळे (उजव्या हाताची, आमच्यासमक्ष)

साक्षीदार: भीमण्णा, लॉरी ड्रायव्हर, राहणार हुमनाबाद. त्या दिवशी दारापाशी लेकराशिवाय कोणी नव्हते, हे मी लॉरीतून पाहिले होते. आजचेही पाहिले.

साक्षीदार व लिहिणारा: अमृतप्पा, राहणार हुमनाबाद. अक्षर वेगळे दिसल्यास माझेच समजावे.